ओव्हरस्टेची शिक्षा: वर्तनपत्रकात कारण लिहिले जाते का?

प्रश्न (चिपळूण)

सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ पायदळात शिपाई आहे. जुलै २०२१ मध्ये तो रजेवर घरी आला होता आणि २४ तारखेला त्याला युनिटमध्ये हजर व्हायचे होते. २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले, आमचा तळमजला बुडाला, फोन बंद पडले, महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही ठप्प झाल्या. आईला सुखरूप ठिकाणी हलवणे आणि घरातला गाळ उपसणे यात दिवस गेले व तो नऊ दिवस उशिरा पोहोचला. कमांडिंग ऑफिसरसमोर पेशी होऊन त्याला सात दिवस लाइन्समध्ये, म्हणजे बराकीच्या आवारातच, राहण्याची शिक्षा झाली.

शिक्षा झाली याबद्दल आमची तक्रार नाही, कारण शिस्त म्हणजे काय हे आमच्या घराला ठाऊक आहे. परंतु आता बढतीची वेळ आली असता वर्तनपत्रकात, म्हणजे जवानाच्या शिक्षा नोंदवल्या जातात त्या कागदात, केवळ "रजेनंतर नऊ दिवस गैरहजर" एवढेच दिसते. पुराचा उल्लेखही नाही. अशा किरकोळ शिक्षेचे कोणते कागद होतात आणि त्यांत कारण यायला हवे की नको, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (निवृत्त सुभेदार, लिपिक शाखा, दापोली)

मी बरीच वर्षे युनिटच्या कार्यालयात हेच कागद तयार केले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या भावाची शिक्षा सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम ८० खालची आहे. या कलमाने कमांडिंग ऑफिसरला कोर्ट मार्शल न भरवता जवानाला जास्तीत जास्त २८ दिवसांची कैद, तितकेच दिवस लाइन्समध्ये राहणे, जादा पहारा, ताकीद, तसेच एका महिन्यात १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड अशा शिक्षा देता येतात. अधिकार मोठा असल्यामुळेच त्याच्या आधीची सुनावणी महत्त्वाची ठरते. सैन्य नियम, १९५४ मधील नियम २२ प्रमाणे आरोप जवानाच्या समक्ष ऐकला गेला पाहिजे, त्याला साक्षीदारांची उलटतपासणी घेता आली पाहिजे, स्वतःचे साक्षीदार आणता आले पाहिजेत आणि स्वतःचे म्हणणे मांडता आले पाहिजे.

ओव्हरस्टेचा, म्हणजे रजा संपूनही हजर न होण्याचा, गुन्हा कलम ३९ मध्ये येतो आणि तेथील शब्द "पुरेशा कारणाशिवाय" असे आहेत. म्हणजे कारण हा दयेचा अर्ज नसून आरोपाचाच भाग आहे. जवानाने पूर सांगितला असेल तर ते ऑफेन्स रिपोर्टच्या, म्हणजे आरोप व सुनावणी नोंदवणाऱ्या, कागदांत उतरणे आवश्यक होते, मग साहेबांनी ते मान्य केले असो वा नसो. मी माझ्या हाताखालच्या क्लार्कना नेहमी सांगत असे की गुन्ह्याचे स्थळ, तारीख आणि वेळ जितक्या काळजीने लिहिता तितक्याच काळजीने जवानाचे उत्तरही लिहा. पुढच्या साहेबाला हा जवान फक्त कागदावरच भेटणार असतो.

त्या कागदावरून शिक्षा वर्तनपत्रकात चढते आणि पगारावर परिणाम होत असेल तर पार्ट टू ऑर्डर (युनिटचा सेवा व पगाराच्या नोंदींचा आदेश) निघते. वर्तनपत्रकातली ओळ आखूडच असते, त्यामुळे भावाने मूळ ऑफेन्स रिपोर्टमध्ये काय लिहिले आहे ते आधी पाहावे. एक गोष्ट येथेच नमूद करतो: रात्री पिट्टू (पाठीवरची जड पिशवी) लावून पळवत दिलेला रगडा ही कलम ८० ची शिक्षा नव्हे. त्याची नोंद कोठेच होत नाही, आणि म्हणूनच ती पद्धत मला कधी मान्य झाली नाही.

उत्तर २ (वकील, रत्नागिरी)

सुभेदार साहेबांच्या म्हणण्याला एक जोड देतो. नोंद लाल शाईची (गंभीर शिक्षेची) आहे की काळ्या शाईची (हलक्या शिक्षेची) हे प्रथम तपासा, कारण चार लाल नोंदी झाल्या की जवानाला सेवेतून कमी करण्याचा प्रस्ताव येऊ शकतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की चार नोंदी मोजून यांत्रिकपणे सेवामुक्ती करता येत नाही. सेना मुख्यालयाच्या डिसेंबर १९८८ च्या पत्रानुसार प्राथमिक चौकशी हवी आणि गुन्ह्यांचे स्वरूप, सेवेचा काळ, खडतर ठिकाणची नेमणूक हे सर्व विचारात घ्यायला हवे. आता जेथे केवळ "नऊ दिवस गैरहजर" लिहिले आहे, तेथे स्वरूपाचा विचार कशाच्या आधारे व्हायचा? नोंद अपुरी राहिल्याचे नुकसान असे काही वर्षांनी पुढे येते.

अन्याय झाला असे वाटत असल्यास कलम २६ खाली वरिष्ठांकडे तक्रार करण्याचा मार्ग आहे. ती भावाने स्वतः व योग्य मार्गानेच करावी. घरच्यांनी पत्र लिहू नये.

उत्तर ३ (निवृत्त नौसैनिक, मालवण)

आमच्याकडे नौदल अधिनियम, १९५७ लागू होतो, त्यामुळे वरील कलमे नौसैनिकांनी स्वतःला लावून घेऊ नयेत. मात्र एक सूचना सर्वांनाच उपयोगी पडेल. पुरानंतर नुकसानीचे पंचनामे झाले होते. आपल्या घराच्या पंचनाम्याची प्रत आणि जुळल्यास रेल्वे रद्द झाल्याचा पुरावा भावाकडे पाठवा.

प्रश्नकर्ता (चिपळूण)

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. पंचनाम्याची प्रत घरातच मिळाली. तिच्यावर आईची सही आहे. काल भावाशी बोललो तेव्हा कळले की "काही सांगायचे आहे का?" असे त्याला पेशीत विचारले गेले होते आणि तो "नाही साहेब" म्हणाला होता, कारण घरची अडचण साहेबांसमोर मांडणे त्याला कमीपणाचे वाटले. त्यामुळे कागदात पूर नाही यात लिहिणाऱ्याचा दोष नाही, हे मला येथे नोंदवले पाहिजे. आता तो प्रत जोडून आपल्या कंपनी कमांडरांकडे अर्ज देणार आहे.