डोसातलाच पोलिओ गटारात सापडतो म्हणे. मग रविवारी बाळाला न्यायचं का?

कुर्ल्याची आई
माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. मागच्या आठवड्यात गोवर-रुबेलाच्या सुईबरोबर डाव्या दंडात पोलिओचीही सुई दिली. सासूबाई म्हणतात, सुई झाली, आता रविवारी बूथवर कशाला नेतेस? त्यात चाळीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की लंडन-न्यूयॉर्कच्या सांडपाण्यात पोलिओ सापडला आणि तो डोसातून आलेला होता. काल रात्रभर डोळा लागला नाही. हे खरं आहे का? आणि मुंबईत कुणी असं तपासतं का?

डोंबिवलीकर
आमच्या दोन्ही पोरांना प्रत्येक वेळी पाजलंय, काही झालं नाही. असले मेसेज वाचूच नका.

परळची मावशी
मी आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. पोरी, मेसेज खोटा नाही, त्यामुळे "वाचू नका" म्हणून तुझी काळजी जाणार नाही. 2022 साली दोन्ही शहरांच्या सांडपाण्यात सापडला आणि न्यूयॉर्कजवळ रॉकलँड काउंटीत एका तरुणाला लकवा झाला. त्याने लस घेतलेली नव्हती, एवढंच मेसेजमध्ये गाळलेलं असतं.

थेंबात विषाणू जिवंत असतो, पण दुबळा केलेला. काही आठवडे तो बाळाच्या आतड्यात वाढतो, शीतून बाहेर पडतो. आजूबाजूच्या पोरांनी डोस घेतलेले असले की तिथेच संपतो. पोरं सुटलेली असली की एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात महिनोन्‌महिने फिरतो, थोडाथोडा बदलतो आणि पाय लुळे करायची जुनी ताकद परत मिळवतो. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार, टाईप 1, 2 आणि 3. यात सगळ्यात जास्त त्रास टाईप 2 ने दिला, म्हणून एप्रिल 2016 मध्ये जगभर थेंबातून तो काढला. तुझ्या मुलीच्या थेंबात आता फक्त 1 आणि 3 आहेत. सुईत तिन्ही आहेत, पण ते मेलेले.

सासूबाईंना सांग, सुईने मुलीचे पाय वाचतात, आतड्यात मात्र विषाणूला म्हणावा तसा अटकाव होत नाही. तो थेंबाने होतो. थेंबानेच एखाद्या बाळाला लकवा होतो हेही लपवणार नाही. पहिल्या डोसाच्या वेळी, साधारण 27 लाखांत एखाद्याला. तुझी मुलगी ते टप्पे ओलांडून आली आहे.

मुंबईत तपासतात का म्हणालीस. अगं, भारतात सांडपाण्यात पोलिओ शोधायला सुरुवातच मुंबईतून झाली, 2001 मध्ये. एकदा मीही सोबत गेले होते. सकाळी लवकर, पंपिंग स्टेशनवर. घराघरातले संडास तेव्हा एकदम वापरात असतात, म्हणून तीच वेळ. दोरीने बादली सोडली, लिटरभर पाणी बाटलीत भरलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि परळला एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात पोचवलं. एका मुलाला लकवा होईपर्यंत विषाणू शेकडो पोटांतून जाऊन आलेला असतो. ती बाटली ते आधी सांगते.

दुसरी पाळत मुलांवर. 15 वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की कारण काहीही वाटो, कळवायचंच. मग 24 तासांच्या अंतराने शीचे दोन नमुने, तेही 14 दिवसांच्या आत. गोवंडीत एका घरी दुसऱ्या नमुन्यासाठी मी दुपारपासून बसले होते. मूल शी करेना. आजीने केळं भरवलं, पाठीवर हात फिरवत बसली. रात्री साडेनऊला जेमतेम नमुन्यापुरती मिळाली. 60 दिवसांनी पाय बघायला गेले तर पठ्ठ्या पोटमाळ्याच्या शिडीवर! पोलिओ नव्हता. पण ती दुपार फुकट गेली असं मला कधी वाटलं नाही.

ठाण्याचा मामा
एक जोडतो. माझ्या भाच्याला प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार आहे. अशा मुलांना थेंब देत नाहीत, फक्त सुई. त्यांच्या शीतून विषाणू फार काळ जात राहू शकतो. घरात असं मूल असेल तर बूथवर आधी सांगा.

कुर्ल्याची आई
मावशी, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. शिडीपर्यंत आल्यावर त्यांनी डोळे पुसले. पण बाटलीत खरंच सापडला तर?

परळची मावशी
तर त्या भागात घरोघर जाऊन सुटलेली मुलं हुडकायची आणि पाजायचं. टाईप 2 असेल तर त्यासाठी आता वेगळा थेंब आहे, त्यातला विषाणू सहजासहजी जुनी ताकद परत मिळवत नाही असा. गाझात 2024 मध्ये आधी सांडपाण्यात सापडला, ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाचा पाय गेला. सप्टेंबरमध्ये भर युद्धात साडेपाच लाखांवर मुलांना हाच थेंब पाजला.

कुर्ल्याची आई
आमच्या समोर बिल्डिंगचं काम चालू आहे. तिथल्या पत्र्याच्या खोल्यांत दोन लहान पोरं आहेत, गावाहून नुकतीच आलेली. त्यांना माझ्याबरोबर नेलं तर चालेल? काही कागद लागतात का?

परळची मावशी
काही लागत नाही. आधार नको, पत्ता नको. पाच वर्षांच्या आतली असली की झालं. त्यांच्या आईला सांगून घेऊन जा, जमलं तर तिलाही सोबत ने. आणि डाव्या करंगळीला शाई लावलेली बघूनच परत फिर.