जिनिंगमधील हंगामी कामगारांचे टॅबलेटवरील प्रशिक्षण : नव्याने कसे करावे?

प्रश्न (पर्यवेक्षक, हिंगणघाट तालुका)
नमस्कार. आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करण्याच्या कारखान्यात, दिवाळीनंतर ४० हंगामी कामगार येतात. काही शेजारच्या गावांतल्या बाया, काही मध्य प्रदेशातली कुटुंबे. यंदा सुरक्षिततेचे प्रशिक्षण टॅबलेटवर दिले : प्रमाण मराठीतला ४५ मिनिटांचा व्हिडिओ आणि शेवटी १० प्रश्न. सगळे उत्तीर्ण झाले, कारण सर्वांची उत्तरे मुकादमाच्या मुलानेच दाबली. आठव्या दिवशी जिनमध्ये कापूस अडकला, तेव्हा एका ताईंनी चालू यंत्रात हात घातला. फिटर ओरडला म्हणून बोटे वाचली. पुढच्या हंगामासाठी सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (निवृत्त फिटर, यवतमाळ जिल्हा)
आपण ताईंनाच विचारले का, की हात का घातला? यंत्र थांबले की दिवसाचे उत्पादन घटते आणि मुकादम रागावतो, ही भीती मी वर्षानुवर्षे पाहिली आहे, आणि ती व्हिडिओने जात नाही. यंत्र थांबवल्याबद्दल मजुरी कापणार नाही, हे मालकांनी स्वतः सांगावे आणि पाळावे.
दुसरे असे की, डबल रोलर जिनमध्ये रोलर आणि त्याला टेकलेली सुरी यांच्यामधून रुई जशी ओढली जाते, तसेच बोटही ओढले जाते, आणि स्विच बंद केल्यावरही रोलर काही क्षण फिरत राहतो. नवख्याला वाटते, बटण दाबले म्हणजे यंत्र थांबले. आपल्याच यंत्रावर, आपल्याच कामगार बाईच्या हातून ते बंद करवून, रोलर पूर्ण थांबेपर्यंतचे चित्रण मोबाइलवर करा.

उत्तर २ (प्रशिक्षण साहित्य करणारी, अमरावती)
दादांचे म्हणणे पटते. वापरणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून संगणकीय साधने कशी घडवावीत हे सांगणाऱ्या आयएसओ ९२४१-२१० या आंतरराष्ट्रीय मानकाचाही आग्रह हाच आहे की, वापरणाऱ्याला पहिल्यापासून सोबत घ्यावे, कच्चा नमुना त्याच्यापुढे ठेवावा आणि अडेल तिथे बदलावा. एका व्हिडिओत एकच कृती ठेवा, दोन मिनिटांत संपवा. आवाज वऱ्हाडीत आणि त्याच चित्रांवर हिंदीतही द्या. जिनच्या गोंगाटात काही ऐकू येणार नाही, म्हणून कामाची पाळी सुरू होण्याआधी दाखवा. परीक्षा मात्र यंत्रापाशी, प्रत्येकाच्या स्वतःच्या हाताने घ्या.

प्रश्नकर्ता
आज ताईंच्या घरी जाऊन आलो. त्या म्हणाल्या, "बंद कराचं बटन कुठी हाये, हेच मले कोनं दाखोलं नाई." ते त्यांच्या जागेवरून दिसत नाही, खांबाच्या मागे आहे. इलेक्ट्रिशियनला उद्याच बोलावले आहे. बटण त्यांच्या हाताशी आले, की पहिले चित्रण त्यांच्याच सोबत करतो.