व्ही रायझिंग: रोज रात्री एकच तास मिळत असेल, तर हा खेळ घ्यावा का?

शेवंती_लिहिते

नमस्कार. धाकट्या भावाच्या संगणकावर ‘व्ही रायझिंग’चा सुरुवातीचा भाग खेळून पाहिला आणि तो मनात घर करून बसला आहे. आता स्वतःसाठी घ्यावा की नाही, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मला सर्वांत आवडले ते ऊन. शतकानुशतके झोपलेला व्हॅम्पायर तळघरातून जागा होऊन बाहेर येतो, आणि उघड्यावर उन्हात क्षणभर जास्त थांबला तरी जळू लागतो. त्यामुळे झाडाच्या सावलीतून कड्याच्या सावलीत आणि तिथून पडक्या भिंतीच्या आडोशाला असे पळत राहावे लागते. सूर्य सरकतो तशी सावलीही सरकते, म्हणून मघाशी सुरक्षित असलेली जागा थोड्याच वेळात सुरक्षित राहत नाही. एरवीच्या खेळांमध्ये अंधाराची भीती घातलेली असते, इथे मात्र मी अंधार पडण्याची आतुरतेने वाट पाहत होते. नकाशाकडे बघण्याची दृष्टीच त्यामुळे बदलते.

धास्ती आहे ती लाकूड-दगड गोळा करण्याच्या कामाची. किल्ल्याचा गाभा असलेले ‘किल्ल्याचे हृदय’ बसवले, चार भिंती उभ्या केल्या, आणि त्यानंतरचा बहुतेक वेळ फळ्या आणि विटा तयार होण्याची वाट पाहण्यात गेला.

माझ्या अटी अशा आहेत: रोज रात्री फार तर एक तास मिळतो. मी एकटीच खेळणार आहे. मी बांधलेले दुसऱ्या कुणी येऊन पाडावे, हे मला मुळीच नको आहे. लॅपटॉप काही वर्षांपूर्वीचा आहे, मेमरी १६ जीबी आहे आणि नवे यंत्र घेणार नाही. एवढ्या वेळात खेळ पुढे सरकतो का, आणि कोणत्या सेटिंग्ज बदलाव्यात?

उंबरठा_०७

अवश्य घ्या, पण एका तासाचा हिशेब मनातून काढून टाका. सुटीच्या दिवशी सलग चार-पाच तास बसल्याखेरीज किल्ला बांधण्याची खरी गोडी कळत नाही. लढाया अनेक खेळांत असतात. इथले बांधकाम इतके नेटके आहे की माझा निम्म्याहून अधिक वेळ त्यातच जातो.

किल्ल्याची खोली भिंतींनी पूर्ण बंद असेल, तर तिच्यातल्या भट्ट्या आणि करवतयंत्रे जास्त वेगाने चालतात; शिवाय त्या कामासाठी नेमून दिलेली फरशी घातली, तर कच्चा मालही कमी लागतो. ही गोष्ट नवखे लोक सहसा लक्षात घेत नाहीत, सगळी यंत्रे उघड्या अंगणात मांडतात आणि मग विटा लवकर होत नाहीत म्हणून कंटाळतात. तुमची तक्रार बहुधा याच कारणाने आहे. मे २०२३ मध्ये ‘सीक्रेट्स ऑफ ग्लूमरॉट’ हा भाग आला तेव्हापासून अनेक मजली किल्ला बांधता येतो, त्यामुळे जागा लहान असली तरी अडत नाही. माझ्या किल्ल्यात खाली कारखाने, मधल्या मजल्यावर सेवकांच्या शवपेट्या आणि वर नुसते दिवाणखाने आहेत. त्या दिवाणखान्यांचा लढाईत काहीही उपयोग नाही, तरी त्यांचा मला सर्वाधिक अभिमान आहे.

तटबंदी

मी स्पष्टच सांगतो की एकट्याने खेळायचे असेल तर हा खेळ अर्धाच पाहिल्यासारखा होतो. किल्ल्याला भिंती असतात त्या कुणीतरी हल्ला करणार म्हणून. पीव्हीपी, म्हणजे खेळाडू एकमेकांशी लढतात अशा सर्व्हरवर शेजारी कोण आहे, तो रात्री कुठे शिकारीला जातो, त्याच्या टोळीत किती जण आहेत, हे ओळखून राहण्यात जो थरार आहे तो संगणकाने चालवलेल्या शत्रूंमध्ये नाही.

मध्यंतरी प्रवासामुळे मला बरेच दिवस खेळता आले नाही. किल्ल्याच्या हृदयात घातलेले, किल्ला टिकवून ठेवणारे रक्तसत्त्व संपले, किल्ला ढासळू लागला आणि शेजाऱ्यांनी कोठारे रिकामी केली. परत येऊन मी त्यांच्याच भूमीलगत नवा किल्ला उभारला. त्या दिवसांइतका उत्साह मला इतर कोणत्याही खेळाने दिलेला नाही, म्हणून शेवंतीताईंनी एकदा तरी सर्व्हरवर यावे, असा माझा आग्रह आहे.

कंदीलवाला

आधी यंत्र बदला, मग खेळ घ्या. मी नवा संगणक घेतल्यावर हा खेळ पुन्हा सुरुवातीपासून खेळलो. धुक्यातून सरकणारा चंद्रप्रकाश आणि जळत्या किल्ल्यांचे दृश्य पूर्ण तपशिलात पाहिल्यावर जुन्या यंत्रावर आपण नेमके काय पाहत होतो, असा प्रश्न पडला. शक्य असेल तर मोठा पडदाही घ्या.

दुसरे असे की हा खेळ कंट्रोलरवर खेळावा. मे २०२४ मध्ये पूर्ण आवृत्ती आल्यापासून कंट्रोलर उत्तम चालतो आणि दिवसभर संगणकावर काम करणाऱ्या माणसाच्या मनगटाला आराम मिळतो.

एकटाजीव

कंदीलवाला यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. या खेळात कॅमेरा वरून तिरपा पाहतो आणि प्रत्येक वार, प्रत्येक मंत्र स्वतः नेम धरून सोडावा लागतो. अचूक नेमासाठी माउसच हवा. हा खेळ बनवणाऱ्या स्टनलॉक स्टुडिओज या स्वीडिश कंपनीने त्याआधी ‘ब्लडलाइन चॅम्पियन्स’ आणि ‘बॅटलराइट’ असे आखाड्यातल्या लढतींचे खेळ केले होते. तो हात इथे प्रत्येक बॉसच्या, म्हणजे बलाढ्य मुख्य शत्रूच्या लढाईत दिसतो: समोरच्याची हालचाल ओळखायची, योग्य क्षणी बाजूला सरकायचे, ढाल नेमकी त्याच्या वारावर उघडायची, आणि त्याची उसंत सापडली की आपले शस्त्र चालवायचे.

शेवंती यांना सांगण्यासारखी खरी गोष्ट ही की इथे नुसती झाडे तोडून कुणी मोठे होत नाही. शत्रू मारून अनुभवाचे गुण साठवण्याची पद्धतही नाही. प्रगती होते ती शस्त्रे-चिलखते सुधारून आणि बॉसचे रक्त पिऊन. पांढरा लांडगा अल्फा हरला की तुम्हाला लांडग्याचे रूप घेता येते आणि जंगलातली वाटचाल झपाट्याने होऊ लागते. पुढचे बॉस कुणी नवा मंत्र देतात, कुणी नव्या यंत्राची कृती. म्हणून गोळा करण्याचे काम पुढच्या बॉसपुरते ठेवावे. कोणता बॉस हवा ते यादीतून निवडले की त्याच्या दिशेने रक्ताचा माग दिसू लागतो, तेवढ्या वाटेवर जे सापडेल ते घ्यावे.

रक्ताच्या प्रकारांकडे सुरुवातीपासून लक्ष द्या. कामकऱ्याचे रक्त प्यायलात तर लाकूड-दगड जास्त मिळतो, विद्वानाच्या रक्ताने मंत्र बळावतात, योद्ध्याच्या रक्ताने शस्त्र बळावते, जनावराच्या रक्ताने चाल वाढते. प्रत्येकाच्या रक्ताची प्रत टक्क्यांत दिसते, आणि शंभर टक्के प्रतीचा एखादा सैनिक रस्त्यात दिसला की हातातले सगळे टाकून माणूस त्याच्या मागे जातो. रक्त हळूहळू उतरतही असते, त्यामुळे दर रात्री पुढच्या कामाला कोणते रक्त हवे याचा विचार करावा लागतो. मला हा या खेळातला सर्वांत सुंदर नियम वाटतो.

अडचणीची पातळी मात्र पहिल्यापासून सर्वांत कठीणच ठेवा.

शेवंती_लिहिते

सर्वांचे आभार. तटबंदी, तुमचा उत्साह समजतो, परंतु दुसऱ्या खेळाडूंशी लढायचे नाही ही अट मी पहिल्यांदाच लिहिली होती. यंत्रही बदलणार नाही. तुमच्या अनुभवावरून मात्र एक शंका आली. मी एकटीच स्वतःच्या लॅपटॉपवर खेळले आणि काही दिवस लॅपटॉप उघडलाच नाही, तर किल्ल्याचे हृदय रिकामे होऊन किल्ला ढासळेल का?

निळीशाई

ढासळणार नाही. खासगी खेळ तुमच्याच यंत्रावर चालतो. तुम्ही बाहेर पडलात की ते जगही तिथेच थांबते. रक्तसत्त्व खर्च होत नाही, त्याचबरोबर भट्टीही पुढे जात नाही आणि शिकारीला पाठवलेले सेवकही परतत नाहीत. मोहिमा आखताना हे ध्यानात ठेवा. इंटरनेटवरच्या सर्व्हरवर मात्र काळ अखंड चालू असतो, म्हणून तटबंदी यांच्या बाबतीत तसे घडले.

एका तासाबद्दल बोलायचे तर मला तो पुरेसा वाटतो. मूळ सेटिंगमध्ये खेळातले दिवस-रात्रीचे एक चक्र १८ मिनिटांचे असते आणि त्यात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ एवढाच काळ ऊन असते, म्हणजे प्रत्येक चक्रात साधारण ६ मिनिटे ऊन आणि १२ मिनिटे अंधार. तुमच्या तासात अशी तीन चक्रे बसतात. मी खेळ सुरू केल्याबरोबर सगळ्या भट्ट्या आणि करवतयंत्रे भरून टाकते, अंधारात बाहेर पडते, आणि उजाडायच्या सुमारास परत येऊन तयार झालेला माल काढते, कोठारे लावते, एखादी भिंत वाढवते. ऊन असताना किल्ल्यातली कामे आणि अंधारात शिकार अशी विभागणी झाली की वाट पाहण्यात वेळ जात नाही.

सेटिंग्जमध्ये तुमच्या वेळेच्या मानाने दोन गोष्टी बदलाव्यात असे मला वाटते. गोळा होणाऱ्या मालाचे प्रमाण वाढवावे, आणि माल जवळ असताना नकाशावर दूरच्या ठिकाणी क्षणात नेणाऱ्या द्वारांमधून प्रवास करण्याची परवानगी द्यावी. मूळ नियमानुसार लाकूड, दगड, धातू अंगावर असले की त्या द्वारांतून जाता येत नाही, आणि किल्ल्यापर्यंत पायी येण्यात बराच वेळ जातो.

लॅपटॉपबाबत एवढेच की एकट्याने खेळतानाही मागे सर्व्हर तुमच्याच यंत्रावर चालत असतो, त्यामुळे प्रोसेसर आणि मेमरी दोन्हींवर भार येतो. खेळताना ब्राउझर बंद ठेवा, सावल्यांचा तपशील कमी करा, आणि किल्ला फार पसरवू नका. १६ जीबीत माझे काम व्यवस्थित भागते.

उंबरठा_०७

निळीशाई यांनी सांगितलेले द्वारांचे सेटिंग नक्की बदला, मीही हेच सांगणार होतो. त्यासोबत उन्हाचा दाहही कमी करून टाका, म्हणजे दिवसासुद्धा माल गोळा करता येईल. ‘किल्ला पसरवू नका’ हे मात्र मला पटत नाही. किल्ला पसरवण्यासाठीच तर हा खेळ आहे. आणि पहिला किल्ला फार्बेन वुड्स या सुरुवातीच्या प्रदेशात बांधलात तरी काळजी नको, पुढे डनली फार्मलँड्समध्ये गेल्यावर तो नव्या भूखंडावर हलवता येतो.

तटबंदी

पीव्हीपी नको असेल तर निदान पीव्हीई, म्हणजे फक्त संगणकाच्या शत्रूंशी लढायच्या सर्व्हरवर या. तिथे कुणी तुमचा किल्ला पाडू शकत नाही, आणि शेजारी कसे बांधतात ते पाहायला मिळते.

कंदीलवाला

एकटाजीव यांनी माउसचा आग्रह धरला आहे, पण मी ट्रिस्टन या व्हॅम्पायर-शिकाऱ्याला कंट्रोलरवरच हरवले आहे. तो रस्त्यांवर हिंडत असतो आणि भलत्याच वेळी गाठतो, तेव्हा नेम साधत नाही ही तक्रार कंट्रोलरची नाही.

एकटाजीव

ट्रिस्टनला हरवणे वेगळे आणि शेवटी ड्रॅक्युलासमोर टिकणे वेगळे, एवढेच म्हणतो. ट्रिस्टनचा उल्लेख निघालाच आहे तर शेवंती यांनी त्याला फार काळ टाळू नये. त्याच्याकडून मिळणाऱ्या शक्तीने आजूबाजूच्यांच्या रक्ताचा प्रकार आणि प्रत दुरूनच दिसू लागते. मग प्रत्येकाजवळ जाऊन पाहावे लागत नाही.

शेवंती_लिहिते

आज खेळ घेतला. निळीशाई यांनी लिहिलेली दिवस-रात्रीची विभागणी वाचल्यावर मनातली शंका मिटली. उंबरठा यांच्या सूचनेप्रमाणे यंत्रे बंद खोलीत, त्यांच्या त्यांच्या फरशीवर ठेवणार आहे.

सेटिंग्ज मात्र मी एकही बदललेली नाही. ऊन, द्वारांचा नियम, मालाचे प्रमाण आणि अडचणीची पातळी, सगळे मूळ ठेवले आहे. मला हा खेळ ज्या सावल्यांमुळे आवडला, त्या उन्हाचा दाह कमी केल्यावर नुसत्या शोभेच्या उरतील. माल घेऊन द्वारातून जाता येत नाही, म्हणूनच परतीची वाट, उजाडायला उरलेला वेळ आणि पिशवीत काय ठेवायचे, यांचा विचार करावा लागतो. तो विचार करायला मला आवडतो. प्रगती हळू झाली तरी चालेल. सर्व्हरवर येणार नाही, कंट्रोलर घेणार नाही, आणि किल्ला सध्या एकाच मजल्याचा राहील.

निळीशाई

मूळ नियम ठेवणार असाल तर घोडा लवकर मिळवा आणि त्याला पाणी पाजायला विसरू नका. घोड्यांचा वेग सारखा नसतो, म्हणून पहिला दिसला तोच धरू नका, दोन-चार पाहून निवडा. पुढे सिल्व्हरलाइट हिल्सकडे जाल तेव्हा चांदीचा नियमही मूळच असेल. चांदी नुसती पिशवीत असली तरी इजा होत राहते, म्हणून चांदीपासून रक्षण करणारे औषध आधी तयार करा, खाणीवर प्यायल्यावरच चांदी उचला आणि त्याचा असर संपायच्या आत किल्ल्यात पोहोचाल एवढीच आणा.