शिगम्याची परेड बंद करा म्हणणाऱ्यांनी हे वाचाच

मळ्याची बाय (धागा सुरू)

काल एक पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यात घोळत राहिली. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की पणजीतली शिगमो परेड (शिगमो म्हणजे आमचा गोव्याचा होळीचा सण) बंद करून टाका, तो सरकारी पैशाचा तमाशा आहे, खरी कला गावच्या मांडावर, म्हणजे गाव जमून शिगमो खेळतो त्या जागेवर, शहरात फक्त ट्रॅफिक आणि थर्माकोलचे राक्षस. आणि शेवटी, परेड बघितली म्हणजे शिगमो बघितला असं नाही. खाली लोकांचे धडाधड लाइक. मग म्हटलं आता उत्तर द्यायचंच.

मी पणजीत वाढले. माझ्या आईवडिलांचा गाव सुटला तेव्हाच मांड सुटला. पणजीचा तिसवाडी तालुका हे बेटच आहे, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला झुआरी, मागे कुंभारजुवेचा कालवा, आणि पूल झाले तरी रात्री अकराला लांब सत्तरी तालुक्यातल्या मांडावर पोराबाळांना घेऊन जाणं सगळ्यांना जमतं असं नाही. मी घोडेमोडणी पहिल्यांदा बघितली ती पणजीच्या रस्त्यावर, बाबांच्या खांद्यावर बसून. कमरेला बांबूचा घोडा, हातात तलवार, डोक्याला फेटा, ढोल-ताशाच्या ठेक्यावर मागेपुढे. त्या दिवशी ती रस्त्यावर आली नसती तर घोडेमोडणी नावाचं काही असतं हेच मला कळलं नसतं.

दुसरं, जे कोणी बोलत नाही. गावच्या मांडावर बायकांनी ढोल वाजवलाय कधी? आमच्याकडे तरी नाही. आम्ही बाजूला उभं राहून बघायचं. आज बायकांची रोमटं (ढोल-ताशाच्या नाचत्या मिरवणुका) परेडमध्ये उतरतात, ताशे, कासाळे म्हणजे मोठ्या झांजा, सगळं स्वतः वाजवतात. मी पण वाजवते. ही जागा आम्हाला शहराने दिली, मांडाने नाही. आणि बक्षिसाच्या पैशातूनच ढोलाची कातडी बदलली जातात, टेंपोचं भाडं निघतं. परेड बंद केली तर हे कोण देणार, लाइक देणारे?

साखळीचा ढोल

बाय, तुझं बाबांच्या खांद्यावरचं सगळं मान्य, पण एक गोष्ट सोयीने सोडलीस. शहरातल्या परेड होळी झाल्यावर सुरू होतात ना? तिसवाडी, सासष्टीकडचा धाकटो (लहान) शिगमो पौर्णिमेला संपतो, त्यांना काही अडचण नाही. पण आमच्याकडे डिचोली, सत्तरीत व्हडलो (मोठा) शिगमो पौर्णिमेलाच सुरू होतो. म्हणजे गावात मांड भरलाय आणि त्याच संध्याकाळी आमची चांगली वाजवणारी पोरं टेंपोत बसून म्हापशाला, फोंड्याला, वास्कोला, कारण तिथे बक्षीस. गावात म्हातारे नमन (सुरुवातीचं देवाचं गाणं) घालतात आणि ढोलावर कोण, तर शाळेतली मुलं. डोळ्यांनी बघितलंय. माझ्या काकांनी मांडावर एकट्याने जोत (मांडावरचं पारंपरिक गाणं) म्हटली, मागून आवाज देणारं कोणी नव्हतं, तेव्हा मला काय वाटलं ते मलाच माहीत.

आणि परेडमध्ये होतं काय? स्टेजसमोर आलं की दोन-तीन मिनिटं, परीक्षक बघणार, मंत्री हात हलवणार, पुढे सरका. नमन नाही, जोत नाही, मधलंच एक गाणं तोडून घ्यायचं आणि उड्या मारायच्या. घुमट (तोंडावर कातडं ताणलेलं मडक्याचं वाद्य) तर त्या जनरेटरच्या आवाजात ऐकूच येत नाही. तसंही हल्लीच्या बकऱ्याच्या कातड्याच्या घुमटाला आवाज असतो कुठे.

पर्वरीतला पुणेकर

मी बाहेरचा, बारा-तेरा वर्षं झाली इथे, तरी बोलतो. कलेबद्दल काही म्हणणं नाही. माझं म्हणणं रस्त्याबद्दल. गेल्या खेपेला परेडच्या संध्याकाळी वडिलांना श्वास लागला, दवाखाना नदीच्या पलीकडे, आणि पुलाच्या तोंडाशी आम्ही गाडीत अडकून बसलो. पोलीस म्हणतो इकडून नाही तिकडून जा, तिकडचा म्हणतो परत जा. वडील बरे आहेत, पण तो वेळ मी विसरणार नाही. परेड चारला सुरू होणार म्हणून सांगतात, पहिला चित्ररथ हलतो सात वाजता. दहानंतर स्पीकर बंद असा नियम आहे, वर्षातले पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण प्रत्येक शहराला आपली परेड त्या पंधरा दिवसांतच बसवायची असते. पुण्यात विसर्जनाला हेच बघितलं, तेच इथे बघतोय.

मळ्याची बाय

@पुणेकर, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. ॲम्ब्युलन्सला वाट मोकळी ठेवलीच पाहिजे, त्यावर माझा काही वाद नाही. उशिराचं पण खरं, आम्हीच दुपारी तीनपासून उन्हात रंग लावून उभ्या असतो, त्रास आम्हालाही होतो. पण त्यावर उपाय वेळेवर सुरू करणे हा आहे, बंद करणे हा नाही.

@साखळी, व्हडल्या शिगम्याचं बोललास ते बरोबर आहे, ठीक. पण मग मागणी अशी कर ना की डिचोली-सत्तरीच्या मेळांना (पथकांना) उशिराची तारीख द्या. परेडच नको असं कशाला?

दिवाडीचा जुझे

तुम्ही शिगम्यावर भांडताय, आमच्याकडे कार्निव्हलला काय होतं ते कोणाला माहीत पण नाही आणि मी म्हणतो नसू दे. दिवाडीत पोटेकर निघतात, तोंडावर मुखवटे, कमरेला घंटा, गल्लीबोळातून पोरांच्या मागे धावतात. परीक्षक नाही, स्टेज नाही, बक्षीस नाही. तिकडे पणजीत किंग मोमो, कार्निव्हलचा राजा, गाडीवरून खा, पी, मजा कर म्हणत फिरतो, टुरिस्ट फोटो काढतात, मागून कुठल्यातरी कंपनीची जाहिरात लावलेला ट्रक. सांगा कार्निव्हल कुठला खरा?

चांदरला ख्रिस्ती लोक कार्निव्हलच्या दिवसांत मुसळां खेळ (मुसळं घेऊन नाच) करतात, पिढ्यान्‌पिढ्या, गावासाठी करतात. टिकलंय ना? परेडशिवाय टिकलंय. माझा साखळीला पाठिंबा. आणि परेडच्या दिवशी आमच्या फेरीबोटीची रांग किती होते ते पण एकदा येऊन बघा, घरी जायला आम्हाला दुसरी वाट नाही.

मळ्याची बाय

जुझे बाब, दिवाडी लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून टिकलं. पणजीत शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नसतं. इथे मांड कुठून आणायचा? आमचा मांड म्हणजे तो रस्ताच.

घुमटवाली

मला मूळ विषयावर नाही, साखळीच्या त्या एका वाक्यावर बोलायचंय. "बकऱ्याच्या कातड्याच्या घुमटाला आवाज असतो कुठे." हे असलं बोलून बोलूनच मुलं घुमट सोडून ड्रम पॅडकडे गेली. मी शनिवारी मुलांना शिकवते, प्रत्येक बॅचला कोणीतरी बाप येतो आणि मुलासमोर हेच म्हणतो, की खरं घुमट घोरपडीचं, हे काय. मुलाचं तोंड उतरतं. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं ते बकऱ्याच्या कातड्याची वाट मिळाली म्हणूनच जमलं, नाहीतर ज्या वाद्यासाठी जंगली प्राणी मारावा लागतो त्याला कोण वारसा म्हणणार?

साखळीचा ढोल

मी घोरपडी मारा म्हटलंय का? आवाज नाही म्हटलं, आणि नाहीच. आमच्या घरच्या जुन्या घुमटाचा आवाज शेताच्या पलीकडच्या घरात जायचा. खोल, आणि लांबत जाणारा. बकऱ्याचं वाजवलं की टप्प टप्प. होळीनंतर हवेत ओलावा वाढतो, कातडं ढिलं पडतं, मग शेकोटीजवळ धरून बसा. मी खोटं सांगतोय का ते तूच सांग.

घुमटवाली

अर्धं खरं. दमट हवेत ढिलं पडतं, हो, आणि ते उन्हात किंवा विस्तवावर शेकायला लागतं, हो. पण टप्प टप्प येतं ते कातडं जाड ठेवल्यामुळे. बकऱ्याचं कातडं नीट तासून पातळ करावं लागतं, ओलं असतानाच भांड्याच्या मोठ्या तोंडावर ताणून बांधायला लागतं, आणि सावकाश वाळू द्यायला लागतं. लोक घाई करतात, कडक उन्हात टाकतात, मग एका बाजूला ताण जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. आणि अर्धा आवाज तर मागच्या लहान तोंडावरच्या डाव्या हातात असतो, तो हात उघडला-मिटला की घुमतं. तो हातच आजकाल कोणाला येत नाही, दोष मात्र बकऱ्याला.

साखळीचा ढोल

म्हणजे आमच्या गावच्या लोकांना हात येत नाही असं म्हणायचंय तुला?

घुमटवाली

मी असं म्हटलं नाही. शब्द तोंडात घालू नका.

पर्वरीतला पुणेकर

घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, 1972 चा कायदा, तीन ते सात वर्षं कैद. "जुना आवाज" "जुना आवाज" करत राहिलात की कोणीतरी पोरगं चोरून आणणार. हे पण लक्षात घ्या.

साखळीचा ढोल

आता पुण्याहून येऊन आम्हाला आमच्या घुमटावर कायदा शिकवणार! तुमच्या पुण्याच्या ढोल पथकांनीच आमची परेड बिघडवली, पांढरे कुडते, भगवे फेटे, एकसारखे ठोके, आमची पोरं ते व्हिडिओ बघून रोमट विसरली. रोमटाचा ठेका वेगळा आहे, त्यात ओस्सय ओस्सय म्हणत माणूस मध्ये श्वास घेतो, तुमच्याकडे मशीनसारखं चालू.

पर्वरीतला पुणेकर

दोन गोष्टींची गल्लत करताय. मी पथकात नव्हतो, नाही. आणि बारा वर्षं इथे टॅक्स भरतो, मला बोलायचा हक्क आहे.

जुझे

हक्क आहे, बोला. पण घुमटावर मी पण बोलणार. मांडो (आमची कोंकणी गाणी) आमच्याकडे व्हायोलिन आणि घुमटावरच म्हणतात, घुमट फक्त शिगम्याचं नाही, आणि चवथीला आरत्यांना पण तेच. माझ्या आजोबांचं घुमट माळ्यावर होतं, कातडं फाटलेलं. फेकून देणार होतो, भावाने बकऱ्याचं लावून घेतलं. आजीने ऐकलं तेव्हा ती काही बोलली नाही, उठून आत गेली आणि आजोबांच्या वेळचा एक मांडो म्हणायला लागली. आता मला सांगा त्या आवाजात काय कमी होतं. मला तरी नाही सापडलं.

साखळीचा ढोल

जुझे, तू माझ्या बाजूने होतास.

जुझे

परेडवर आहे. घुमटावर नाही.

मळ्याची बाय

धागा परेडवर होता, पण ठीक आहे, हेच घुमट परेडवर आणून ठेवते. साखळी म्हणतो परेडमध्ये घुमट ऐकू येत नाही. मान्य. का येत नाही? कारण गुण कशाला? चित्ररथ किती उंच, कपडे किती चमकदार, उड्या किती. रेकॉर्ड लावून नाचणाऱ्यालाही तेवढेच गुण. नियमावलीत एक ओळ टाका ना, रोमटाला नमनाने सुरुवात केली तर वेगळे गुण, घुमट आणि त्याच्या साथीचं शामेळ हे तालवाद्य हाताने वाजवलं तर वेगळे गुण, आणि त्या दोन मिनिटांत मागच्या चित्ररथाचा जनरेटर आणि स्पीकर बंद. पुढच्या वर्षी बघा पोरं काय शिकायला धावतात. आमच्या गटात आम्ही कपड्यांवर किती खर्च करतो ते बघून मलाच राग येतो, पण न करणारा गट मागे पडतो हे डोळ्यांनी बघितलंय.

साखळीचा ढोल

परीक्षक कोण? हारतुरे घ्यायला आलेले?

मळ्याची बाय

मांडावरचे म्हातारे बसव. तुझे काका बसव. ज्यांना जोत पाठ आहे ते.

साखळीचा ढोल

काका परेडला येणार नाहीत. त्यांना ते आवडत नाही.

मळ्याची बाय

विचारलंस का कधी?

साखळीचा ढोल

नाही विचारलं. ...ठीक आहे, विचारीन. पण मी अजूनही म्हणतो, मांड रिकामा करून परेड भरवणं चूकच. आधी गावच्या तारखा मागून घ्या, मग परेड लावा. हे उलटं चाललंय.

पर्वरीतला पुणेकर

तारखा ठरवायच्याच तर रस्ता कधी बंद, कधी उघडा, हे पण आठवडाभर आधी छापा. आणि पुलाकडे जाणारी एक लेन कुठल्याही परिस्थितीत बंद नको.

जुझे

आणि फेरीबोट जास्त सोडा.

घुमटवाली

साखळी, एक सांगते, राग नको. तुमच्या घरच्या त्या जुन्या घुमटाचं मडकं शाबूत आहे का? असेल तर घेऊन या, नसेल तर डिचोलीच्या कुंभाराकडून नवं घ्या. कातडं मी लावून देते, पातळ तासून. शेताच्या पलीकडे गेलं नाही तर इथेच लिहा, मी उत्तर देणार नाही.

साखळीचा ढोल

मडकं आहे. आणतो. पण आमच्या घोडेमोडणीची वेळ परेडसाठी बदलायची नाही, ती आमच्या मांडाच्या हिशोबानेच निघणार. बाय, हे तुझ्या त्या नियमावलीत पहिल्या ओळीत लिही.