शनिवार-रविवारी मुंबईला जाऊन कँटोनीज डिम सम : केव्हा जावे, काय मागवावे?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
पुढच्या महिन्यात एका शनिवार-रविवारी आम्ही तिघे केवळ कँटोनीज (दक्षिण चीनमधील) डिम सम, म्हणजे बहुधा वाफवलेले छोटे पदार्थ, खाण्यासाठी मुंबईला जाणार आहोत. येथे त्या नावाखाली दोनदा मागवून पाहिले. दोन्ही वेळा जाड पारीचे मोमो आणि लाल तिखट चटणी समोर आली. माझ्या सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, परंतु उकडीच्या मोदकांवर त्यांचा हात असा बसलेला आहे की ही दुसरी पारी पाहण्याची सर्वांत अधिक उत्सुकता त्यांनाच आहे. आम्ही दोघे कोळंबी आणि कोंबडी खातो, डुकराचे मांस खात नाही. कोणत्या वेळी जावे, किती मागवावे आणि सासूबाईंना निर्धास्तपणे काय खाता येईल?

उत्तर (मांजलपूर, वडोदरा)
नोकरीनिमित्त मी चार वर्षे हाँगकाँगला होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तेथे लोक ‘यम चा’, म्हणजे ‘चहा प्यायला’ जातात, आणि डिम सम हे त्या चहासोबतचे खाणे असते; ते सकाळपासून दुपारपर्यंत चालते. तेव्हा रात्रीच्या जेवणाऐवजी दुपारी उघडताच जावे. चहा बिनदुधाचा असतो : शेवंतीचा, मोगऱ्याच्या वासाचा किंवा मुरवलेला काळसर पु-अर. किटली रिकामी झाली की झाकण थोडे सरकवून ठेवतात, वाढप्याला तेवढी खूण पुरते. आणि कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला तर दोन बोटे टेबलावर हलकेच टेकवून आभार मानतात.

स्वयंपाक्याची खरी परीक्षा हार गावमध्ये, म्हणजे कोळंबीच्या डिम सममध्ये होते. कुरडयांसाठी आपण गहू भिजवून, वाटून जो चीक काढतो, तशाच गव्हाच्या सत्त्वात थोडे टॅपिओकाचे, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचे, पीठ मिसळून, त्यावर उकळते पाणी ओतून ही उकड करतात. त्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, नसल्यामुळे वाफवल्यावर पारी अर्धपारदर्शक होते आणि आतली गुलाबी कोळंबी दिसते. कळ्या सातपेक्षा कमी नसाव्यात, दहा-बारा असल्यास उत्तम. काड्यांनी उचलताना पारी फाटली तर हात कच्चा समजावा. गार झाल्यावर ती चिवट होते, म्हणून वाफवण्याची बांबूची टोपली टेबलावर येताच खावे.

एका टोपलीत साधारण तीन-चार नग येतात. तिघांना आठ-नऊ टोपल्या पुरतील, पण एका वेळी दोन-तीनच मागवाव्यात. ‘सिउ माय’ (वरून उघडी पुरचुंडी) आणि ‘चार सिउ बाओ’ (सारण भरलेला मऊ पाव) यांत बहुधा डुकराचे मांस असते, ते तुम्ही टाळालच. कोळंबीचे चिउंग फन मात्र अवश्य घ्यावे. तांदळाच्या पातळ वाफवलेल्या पोळीची ती गुंडाळी पाहून सासूबाईंना पानगी आठवेल.

उत्तर (रावपुरा, वडोदरा)
फोर्टमध्ये स्टर्लिंग चित्रपटगृहामागे रॉयल चायना आणि वांद्रे-कुर्ला संकुलात याउआचा ही दोन ठिकाणे पाहावीत; दुसऱ्याचे मूळ लंडनमध्ये सोहो भागात २००४ मध्ये सुरू झाले. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघाल्यास पहाटे दादर किंवा बोरिवली गाठता येते.

सासूबाईंसाठी एक सावधगिरी सांगते. मुळ्याची खरपूस वडी नावावरून शाकाहारी वाटते, पण तिच्यात बहुधा सुकी कोळंबी आणि खारवलेले सॉसेज असते. वाफवलेल्या पालेभाजीवरही अनेकदा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, ओततात. शिवाय टोपल्या एकावर एक रचून वाफवतात, म्हणून त्यांच्या टोपल्या वेगळ्या ठेवण्यास आधीच सांगावे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी दुपारी फोर्टला आणि रविवारी वांद्र्याला जाण्याचे ठरवले आहे. सासूबाईंनी विचारले आहे की त्या उकडीत मीठ पाण्यात घालतात की पिठात, आणि मळताना तेलाचा हात लावतात का?

उत्तर (मांजलपूर, वडोदरा)
मीठ कोरड्या पिठातच मिसळतात. तेलाचा प्रश्न मात्र त्यांनी नेमका विचारला, कारण जुन्या पद्धतीत मळताना डुकराची चरबी घालतात. बऱ्याच ठिकाणी आता तेल वापरतात, तरी सारण भाजीचे असले तरी पारीत काय आहे, हे टेबल राखून ठेवतानाच फोनवर विचारून घ्यावे.