आयएसओ १०० वरच ठेवायचा असतो का? आरतीचे सगळे फोटो हललेत

चाळीतली_क्लिक
मंडळी जरा मदत करा. भावाचा जुना डीएसएलआर मिळालाय, १८-५५ मिमीच्या किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबत येते ती साधी झूम लेन्स). यंदा घरच्या गणपतीत फोटो मीच काढले, गिरगावातली आमची चाळीतली खोली, खिडकी एकच, त्यामुळे संध्याकाळी उजेड म्हणजे ट्यूबलाइट आणि मखराच्या माळा एवढाच. कुणीतरी सांगितलेलं की आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० च्या वर नेला की फोटो खराब होतो म्हणून तिथेच ठेवला, आता बघते तर आईच्या हातातलं तबक नुसतं ओघळल्यासारखं दिसतंय आणि निरांजनाच्या जागी पिवळी रेघ. फोटोच्या माहितीत शटर १/८, एफ ५.६ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), आयएसओ १०० दाखवतंय. मग शटर १/२५० केलं तर सगळा काळोख. खूप वाईट वाटलं. पुढच्या महिन्यात याच खोलीत ताईचं डोहाळजेवण आहे, तेव्हा असं व्हायला नको.

वरळी_सीफेस
ताई, १/८ म्हणजे सेकंदाचा आठवा भाग शटर उघडं होतं, तेवढ्यात तबक पुढे सरकतं, रेघ येणारच. आता हिशोब बघा. १/८ वरून १/१५, १/३०, १/६०, १/१२५, दर पायरीला उजेड निम्मा होतो, म्हणजे १/१२५ लाच चार पायऱ्यांचा उजेड गेला, तुमच्या १/२५० ला तर पाच. तो कुठून तरी परत आणायला हवा ना, तुम्ही आणलाच नाहीत म्हणून काळोख. १/१२५ ठेवून आयएसओ १०० वरून २००, ४००, ८००, १६०० केला की चारही पायऱ्या भरून निघतात आणि फोटो तेवढाच उजळ येतो. १६०० ला थोडे दाणे दिसतील, दिसू देत, घरच्या अल्बममधे दाणे कुणी बघत नाही पण हललेला चेहरा कायम हललेलाच राहतो.
आणि किट लेन्स ५५ वर असली की एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही, १८ ला एफ ३.५ मिळतो (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं), म्हणजे एका पायरीपेक्षा जास्त उजेड फुकट. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. फक्त १८ वर चेहरा अगदी कडेला घेऊ नका, ताणल्यासारखा दिसतो.

माहीमचा_खाडीवाला
वरचं सगळं बरोबर, फक्त ट्यूबलाइट आणि एलईडीच्या माळांत १/१२५ किंवा १/२५० ला कधीकधी फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. म्हणून घरात मी १/१०० वरच थांबतो. शटर प्रायॉरिटी मोड (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा) लावा, १/१०० द्या, आयएसओ ऑटो ठेवून मेनूत वरची मर्यादा ३२०० करा, बाकी कॅमेरा बघेल.

पार्ल्याची_मावशी
अगं, डोहाळजेवणात ताईला खिडकीकडे पाठ करून बसवू नकोस हं, माझ्या भाचीच्या वेळी तेच झालं, मागची खिडकी लख्ख आणि पोरीचा चेहरा काळा. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला चेहरा कळत नाही, तो सगळ्याची सरासरी काढून मधला करडा करायला बघतो. मागे उजेड असला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सोय) +१ कर. मोगऱ्याच्या वाड्या, पांढरी फुलं जास्त असली तरी थोडं प्लसच, नाहीतर पांढरं मळकट येतं. शक्यतो तोंड खिडकीकडे आणि जेवण दुपारचं ठेवा, मग आयएसओसुद्धा कमी लागेल.

चाळीतली_क्लिक
सगळ्यांचे मनापासून आभार! आत्ता आई पोळ्या लाटत होती, तिच्यावरच करून बघितलं. १/१००, कॅमेऱ्याने आयएसओ १६०० घेतला. लाटणं फिरतंय तरी स्पष्ट आलंय, बोटांवरचं पीठसुद्धा दिसतंय, मागच्या भिंतीवर थोडे दाणे आहेत तेवढेच. मावशी, ताईला दुपारचंच विचारते.