व्यायामाला खाडा : पाप की पथ्य?

वहीतल्या_फुल्या (धागाकर्ती)

आमच्या घरी 'खाडा' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जायचा. दूधवाल्याचा हिशोब खाड्यांवर चालला तरी चालेल, पण व्यायामाला खाडा नाही. आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले होते. तिथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार अभ्यासक्रमातच घातले होते, त्यामुळे आजोबांच्या लेखी नमस्कार न घालणं म्हणजे दात न घासणं.

मी हे व्रत उशिरा घेतलं, वयाच्या ४१व्या वर्षी, रथसप्तमीला. १२ नमस्कारांपासून सुरुवात केली, वर्षभरात १०८वर पोचले. वहीत रोज एक फुली. सहा वर्षं दोन महिने त्या वहीत एकही रिकामा चौकोन नाही. अंगात ताप असताना बारा घातले. नणंदेच्या मुलीच्या लग्नात कार्यालयातल्या खोलीत, साड्यांच्या बॅगा भिंतीला सरकवून घातले. लोक कौतुक करायचे आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मग उजवा खांदा. आधी वेणी घालताना कळ यायची, मग फडताळातला डबा काढताना. तरी चार महिने रेटलं, कारण फुली. शेवटी डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे या खांद्यावर भार टाकायचा नाही. मला तिथेच रडू आलं. खांद्यासाठी नाही हो, वहीसाठी!

आता खरा मुद्दा. त्या सहा आठवड्यांचे चौदा महिने झाले. खांदा तिसऱ्याच महिन्यात बरा झाला होता. पाय तर कधी दुखलेच नव्हते, पण मी साधं चालायलाही गेले नाही. 'खाडा पडलाच आहे, आता काय' असं म्हणत वही कपाटात गेली आणि वजन नऊ किलो वर गेलं.

म्हणून माझं मत असं झालंय की 'एकही दिवस चुकवायचा नाही' हा नियम जितका जुना होतो तितका ठिसूळ होतो. त्यापेक्षा आठवड्यातला एक दिवस आपणच ठरवून रिकामा ठेवावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१० साली ९६ जणांवर केलेला सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून विशेष काही बिघडलं नाही. मला हे सहा वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं.

पटतंय का? नसेल तर भांडा.

लाल_माती

ताई, आदर ठेवून शंभर टक्के असहमत. मी कोल्हापूरकडचा, विशीत तालमीत राहिलेला. आज ५८ चालू आहे, रोज दोनशे बैठका आणि साठ जोर. खाडा नाही. तुमचा खांदा गेला तो खाडा न घेतल्यामुळं नाही, दुखणं अंगावर काढल्यामुळं. वस्तादानं दोन दिवसांत ओळखलं असतं आणि तुमचे नमस्कार बंद करून नुसत्या बैठका मारायला लावल्या असत्या. पण यायचं मात्र रोज.

पहाटे 'आज जायचं का नाही' हा प्रश्नच पडू द्यायचा नाही. पहाटे पडलेला प्रश्न नेहमी अंथरुणाच्या बाजूनंच सुटतो. तुम्ही एक दिवस अधिकृत सुट्टी दिली की मन उरलेल्या सहा दिवसांत तोच दिवस शोधत बसतं.

शंकासूर

लाल_माती यांना अनुमोदन, पण कारण वेगळं.

हा धागा वाचून कोण खूश होणार? जो आठवड्यातून एकदा गच्चीवर दोन फेऱ्या मारतो तो. त्याला आता 'रिकव्हरी' हा शब्द मिळाला. आपल्यातल्या बहुतेकांचं दुखणं अतिव्यायाम हे नाहीच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम सांगते. सोसायटीत दार वाजवून विचारा किती जण करतात. अशांना विश्रांतीचं महत्त्व सांगणं म्हणजे उपाशी माणसाला लंघनाचे फायदे सांगणं.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच निरोगी तरुणांना, वीस वर्षांच्या पोरांना, तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. पन्नाशीतसुद्धा एकाचीही दमसास क्षमता त्या तीन आठवड्यांनंतर झाली होती तितकी खाली गेली नव्हती. म्हणजे तीस वर्षांच्या वयापेक्षा तीन आठवड्यांचं लोळणं महागात पडलं. आता बोला.

वहीतल्या_फुल्या

@शंकासूर, तीन आठवडे अंथरुणात पडणं आणि रविवारी नमस्कार न घालता मंडईत जाणं यांत फरक आहे की नाही? आणि त्याच पाच जणांना पन्नाशीत सहा महिने सराव दिल्यावर ते वीस वर्षांचे असतानाच्या मूळ क्षमतेला परत पोचले. तो भाग गाळलात.

शंकासूर

गाळला नाही, तुमच्यासाठी ठेवला होता :)

हाडवैरी_नाही (फिजिओ)

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, म्हणून जरा लांबण लावते.

१०८ गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला ३९,४२० नमस्कार. प्रत्येकात एकदा तरी हातांवर अंग तोलून खाली जायचं. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तो लवकर सावरतो. स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं, म्हणजे टेंडनचं, तसं नसतं. तिथलं काम सावकाश चालतं. त्यामुळे दंड मजबूत वाटत असतात, उत्साह वाढत असतो आणि आत दोरी मागे पडत जाते. ताईंच्या खांद्याबाबत मला दिवसांपेक्षा या एकसुरीपणाची शंका जास्त येते. आठवड्याच्या सहा दिवसांत दोन दिवस नमस्कार, दोन दिवस भरभर चालणं, दोन दिवस वजन उचलणं किंवा बैठका केल्या असत्या तर कदाचित खाड्याचा प्रश्नच आला नसता.

जड वजनाच्या व्यायामानंतर स्नायूंची डागडुजी साधारण एक ते दोन दिवस वाढलेल्या वेगाने चालू असते. ताकद त्या वेळात येते, जोर मारताना नाही. म्हणून त्याच स्नायूवर रोज तेवढाच भार टाकू नका म्हणतो.

दोन गोष्टी मात्र वादाच्या पलीकडच्या. तापात व्यायाम करू नका. विषाणूचा संसर्ग कधी कधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो आणि त्या वेळी श्रम करणं जिवावर बेतू शकतं. ताई, ते बारा नमस्कार तुम्ही अभिमानाने लिहिलेत, मला वाचताना काटा आला. दुसरं, मोठ्या खाड्यानंतर जुना आकडा गाठायला जाऊ नका. वर्षभर काही न करता एका सकाळी ईर्ष्येने तीनशे बैठका मारणारे असतात. दुसऱ्या दिवशी मांड्या लाकडासारख्या होतात आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. तुटलेल्या स्नायूंमधला ऐवज रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडू शकतात. असा रंग दिसला तर तडक दवाखाना.

५_१०_ची_लोकल

सगळं छान चाललंय. माझा प्रश्न साधा आहे. बदलापूरहून पहाटे ५.१०ची पकडतो, रात्री पावणेनऊला घरी. जेवण, पोराचा अभ्यास, झोपायला साडेअकरा. व्यायाम करायचा तर चारला उठायचं, म्हणजे साडेचार तासांची झोप. न चुकता करू की झोपू?

लाल_माती

दादा, पंधरा मिनिटं. जिथं जागा मिळंल तिथं.

शंकासूर

लोकलमध्ये लटकणं हाच तुमचा पुलअप.

(माफ करा. खरंच उत्तर नाही माझ्याकडे.)

हाडवैरी_नाही (फिजिओ)

साडेचार तासांवर झोप आणून रोज पळायला जाऊ नका. शनिवार-रविवार दोन्ही दिवस नीट करा, मधल्या दिवसांत ऑफिसचे जिने. तुमच्यासाठी सोमवार ते शुक्रवार झोप हेच ट्रेनिंग. आठवड्याची मिनिटं दोन दिवसांत भरली तरी फायदा होतो.

बर्मिंगहॅमकर

खाड्यावर चर्चा आणि रॉन हिल यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही? इंग्लंडचे धावपटू, १९७०ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकलेले. २० डिसेंबर १९६४ला रोज पळायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१७पर्यंत खाडा नाही. ५२ वर्षं आणि ३९ दिवस. मोटार अपघातात छातीचं हाड मोडलं तरी, पायाच्या शस्त्रक्रियेनंतर प्लास्टरमध्ये कुबड्या घेऊन तरी. शेवटच्या धावेत छातीत दुखायला लागलं तेव्हा कुठे थांबले.

मी धागाकर्तीच्या बाजूने आहे. कुबड्यांवर पळण्याला मी शिस्त म्हणणार नाही, ते व्यसन आहे. फक्त दारूचं नाही म्हणून हार घालतो आपण.

लाल_माती

मग माझीच बाजू झाली की! हिलबाबा ८२ वर्षं जगला. व्यसन तर व्यसन.

वहीतल्या_फुल्या

हे वाचून मी थोडी अडखळले. हिल यांची दिवस मोजायची अट काय होती माहितेय? किमान एक मैल. जगातला एक भारी मॅरेथॉनवाला, आणि रोजचा उंबरठा एक मैल. माझा उंबरठा १०८ होता. तापात बारा घातले त्या दिवशीसुद्धा वहीत फुली मारताना चोरी केल्यासारखं वाटलं होतं. कदाचित चूक रोज करण्यात नसेल, आकड्यात असेल.

पण मत बदललेलं नाही. कुबड्यांवर पळणं मला पटत नाही.

हाडवैरी_नाही (फिजिओ)

@लाल_माती दादा, एक विचारू? तालमीत पहाटेचा जोर झाल्यावर काय करायचात?

लाल_माती

एकमेकांचं अंग रगडायचो. अंगावर माती घेऊन पडून राहायचो. थंडाई, मग जेवण.

हाडवैरी_नाही (फिजिओ)

आणि दुपारी?

लाल_माती

झोपायचो. चारपर्यंत. मग संध्याकाळची लढत.

हाडवैरी_नाही (फिजिओ)

म्हणजे मालीश, खुराक आणि दुपारची दोन-तीन तास झोप. तुम्ही खाडा घेतच होतात, रोज दुपारी. शहरातल्या माणसाने तुमच्याकडून जोर-बैठका उचलल्या आणि झोप तालमीतच विसरला.

लाल_माती

ती झोप कमावलेली असायची, डॉक्टरीणबाई. आधी घाम, मग झोप. इथं लोक आधी सुट्टीचा दिवस ठरवायला लागलेत.

(पण मुद्दा बरोबर आहे, नाही म्हणत नाही. आता दुपारी दुकानात बसतो. गुडघा संध्याकाळी बोलतो हल्ली.)

आजीचा_मोबाईल

माझं वय ७४. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया होऊन आठ दिवस इस्पितळात पडून होते. घरी आले तर कमोडवरून उठता येईना. जिना उतरायला दोन महिने लागले. त्याआधी मी रोज तळजाईवर जात असे. त्यामुळे मुली, तुला एक दिवस रिकामा ठेवणं परवडतं, तुझं वय पन्नासच्या आत आहे. माझ्या वयाला खाड्याचं व्याज फार लागतं. मी आता रविवारीही खुर्चीतून दहा वेळा हात न टेकता उठते-बसते. एका पायावर उभी राहून देवाची घंटा वाजवते. सून हसते, हसू दे.

हाडवैरी_नाही (फिजिओ)

आजी, दंडवत! तुमचा अनुभव शास्त्राला धरून आहे. साठी उलटलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं तेव्हा नुसत्या पायांमधून सुमारे किलोभर स्नायू गेला होता.

दुसरी बाजूही ऐका. १९९०मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या दहा जणांना मांड्यांसाठी चांगलं जड वजन दिलं. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीत! आणि तो व्यायाम आठवड्यातून तीनच दिवस होता. खुर्चीतून उठणं रोज करा, ते हलकं आहे. वजन लावायचं ठरवलंत तर एक दिवसाआड, आणि आधी कुणाकडून तरी शिकून.

शंकासूर

आजींनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली. तरी एक कबुली देतो. या धाग्यावर तावातावाने लिहिणारा मी गेले पाच दिवस कुठेही गेलेलो नाही. पाऊस हे कारण.

५_१०_ची_लोकल

पाऊस आमच्याकडे पण आहे. मी आज सहावा मजला जिन्याने चढलो. मधे दोनदा थांबलो.

लाल_माती

दादा, शाब्बास. थांबलास तरी चालतंय, लिफ्ट नको.

ताई, खांदा आता बरा ना? मग उद्या किती?

वहीतल्या_फुल्या

नवी वही आणलीय. बारा नमस्कार, मग पर्वतीच्या पायऱ्या. पण परवापासून. उद्या रविवार आहे, खाडा.

लाल_माती

रविवारी तर कुस्त्यांचं मैदान असतंय.